पादऱ्याचा रस्ता

ताईचं म्हणणं, रस्ताच डावीकडे उतरता आहे.
अटलादऱ्याच्या पुढे तर फारच.
अकरा वर्षं शाळेला जातेय त्याच रस्त्याने,
मला नको शिकवूस.

मी टायर दाखवला.
बाहेरून नक्षी शाबूत, बघणाऱ्याला नवाच वाटावा.
आतल्या कडेने हात फिरव म्हटलं
तर टक्कल.
ती म्हणाली, "अगंबाई,"
आणि मग, "कितीला येतो नवा?"

तर रविवार. मांजलपूरला आमच्या सोसायटीचं पार्किंग.
बाटली आडवी ठेवून पाहिली, घरंगळली नाही,
म्हणजे फरशी त्यातल्या त्यात सपाट.
चारी चाकांत हवा सारखी.
स्टिअरिंग सरळ करून
ताईच्या जुन्या ओढणीने सीटला बांधलं.
पुढच्या चाकांखाली दोन-दोन पिशव्या, मध्ये ग्रीस,
म्हणजे चाकाला वळायचं झालं
तर जमिनीशी भांडायला नको.

मग दोरा.
गवंड्याचा, हिरवा, चार स्टुलांना ताणून
गाडीच्या दोन्ही अंगांनी,
चाकाच्या बरोब्बर मध्याच्या उंचीवर.
पुढून सरकवला की मागून चुकतो.
मागचं जमतंय तोवर कनुभाई पंचाल येतात,
मकरपुऱ्यात तीस वर्षं लेथ चालवलेले,
दोऱ्याला एक टिचकी मारतात, कान देतात,
"बेन, दोरो ढीलो छे."
आणि जिन्याने वर निघून जातात.

परत ताणला.

पोलादी पट्टी रिमच्या पुढच्या कडेला. वाच.
मागच्या कडेला. वाच.
उजवं चाक: एक मिलिमीटर, सोडून दे.
डावं: पाच.
आईचा हात धरून चालायचं
आणि बघायचं फुगेवाल्याकडे, तसं ते चाक,
नाक बाहेर काढून.
कधीपासून, कुठल्या खड्ड्यापासून,
ताई सांगेना. रस्त्यावर घालत राहिली.

पाच मिलिमीटर म्हणजे तुरीचा एक दाणा.

टाय रॉडचा चेकनट गंजलेला.
तेल. चहा. पुन्हा तेल.
सुटला तेव्हा माझ्या बोटाचं साल घेऊन सुटला.
पाव फेरा, गाडी दोनदा दाबून झुलवायची, मोजायचं: चार.
पाव फेरा, झुलवायची: तीन.
ताई वरून विचारते, जेवायला येतेस का,
मी गाडीखालून म्हणते, दोन.

कॅम्बरला हात लावला नाही.
ओळंबा सोडून पाहिला फक्त, बरा वाटला.
ते मशीनचं काम,
उगाच शहाणपण कशाला.

संध्याकाळी निघालो.
ताई चालवतेय
आणि गाडी उजवीकडे जातेय,
दुभाजकाकडे, सावकाश,
ओळखीचं कुणी दिसल्यासारखी.
"बघ. बिघडवलीस."

मी तिच्या मनगटाकडे बघत होते.
उजवं मनगट किंचित खाली ओढलेलं,
रोजच्यासारखं.
तिथे मी पट्टी लावली नव्हती.
"ताई, हात सैल सोड."
"सैलच आहेत."
"उजवा."
"सैलच आहे म्हटलं ना."

अटलादरा मागे पडलं.
चष्मा घसरला म्हणून तिने उजवा हात काढला
आणि जिथे रस्ता फारच उतरता आहे
तिथे गाडी सरळ गेली.
उसाच्या रसाची गाडी, पंक्चरवाला,
कुणाची तरी बांधून ठेवलेली म्हैस,
सगळं जिथल्या तिथे मागे गेलं.
ताई काही बोलली नाही.
चष्मा सावरून झाला तरी
हात मांडीवरच राहिला थोडा वेळ,
दुसऱ्या कुणाचा असावा तसा.

घरी येऊन पुन्हा मोजायचं होतं.
गाडी चालून बसली की आकडे बदलतात.
दोरा होता तसाच होता, अंधारात हिरवा दिसत नव्हता.
त्यावर पंचालांच्या घरचे दोन पायमोजे
आणि एक टॉवेल, अजून ओला.

काढून घडी केली.
टिचकी मारली, कान दिला.
ढीलो.